भिंतीला टेकलेलं बोट

माझ्या रायफलचा ट्रिगर मी स्वतःसाठी कधी इतक्या वेळा जुळवला नसेल, जितक्या वेळा गेल्या काही महिन्यांत माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीसाठी जुळवला. ती तर्जनी काही करत नव्हती. पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून त्याची उजवी बाजू गेली होती, आणि बोलण्यातले सगळे शब्द जाऊन दोनच उरले होते, 'हाय' आणि 'न्हाई'. समजायचं त्याला सगळं. टीव्हीवरचं, गल्लीतलं, माझ्या तोंडावरचंही. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्या बोटाला काही कळतं का. संवेदना यायची असेल तर पहिल्या काही महिन्यांतच येते, पुढे फारशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते महिने सरत आले होते आणि मी ॲलन की घेऊन ट्रिगरचे बारीक स्क्रू फिरवत बसले होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझी काडी लोखंडाची होती.

आम्ही हिंजवडीशेजारी माण गावात राहतो. सासरची भातखाचरं होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि सासरच्या घरावर चढवलेल्या मजल्यांवर त्याच इमारतींत काम करणारी मुलं भाड्याने राहतात. मीही तशीच आले. अमरावतीकडची, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, तिसऱ्या मजल्यावर एक खोली. खाली पूर्वी जिथे बैल बांधत तिथे घरमालकिणीच्या मुलाने लांबलचक पत्र्याची शेड टाकून एअर रायफलची रेंज काढली होती. एका शनिवारी कंटाळा आला म्हणून खाली गेले, ती परत वर भाडेकरू म्हणून फार दिवस राहिले नाही. सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "खोली भाड्यानं घेतली आन् मालकच उचलला बघा हिनं." आधी मी त्याला सर म्हणायचे. लग्नानंतर चारचौघांत अहो, आणि दार लोटलं की अरे.

मी स्वतःची रायफल घ्यायची ठरवली तेव्हा माझं सगळं लक्ष रंगाकडे आणि वजनाकडे होतं. त्याने मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि रेंजवरच्या रायफली एकेक करून मांडीवर दिल्या. छर्रा नाही, काही नाही, नुसता ट्रिगर दाबून बघायचा. "रायफल डोळ्यानं घ्यायची नसती," तो म्हणाला, "बोटानं घ्यायची."

टार्गेट रायफलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो सैलसर मागे येतो, मग कुठेतरी अडतो. तिथून पुढे आणखी थोडासा जोर दिला की छर्रा सुटतो. पहिला टप्पा किती हलका, दुसरा किती जड, अडायचं ते नेमकं कुठे, आणि सुटल्यावर ट्रिगर आणखी किती मागे जाऊ द्यायचा, हे सगळं बारीक स्क्रूंवर ठरतं. आपल्या बोटाला जुळेल तसं ते बसवून घ्यायचं. हे मी आता सांगतेय तसं पुस्तकी तो कधीच सांगत नसे. "आधी मोकळी जागा खायाची," तो सांगायचा. "मग भिंत लागती. भिंतीला टेकून उभं ऱ्हायाचं. ढकलायचं न्हाई. नुसतं टेकून जीव लावायचा. कवा सुटलं ते तुझं तुला बी कळाया नगं."

मला सगळं हलकं हवं होतं. नुसतं मनात आणलं की सुटायला पाहिजे. त्याने मुद्दाम माझी भिंत जड ठेवली. मी कुरकुर केली तर म्हणाला, "घाईच्या माणसाला भिंत जडच लागती. न्हाईतर तू भिंतीसकट बाहीर जाशील." तेव्हा मला राग आला होता. मला तसा पटकन राग येतो आणि उशिरा जातो, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

त्याची शिकवायची एक पद्धत होती. नेम धरणाऱ्याच्या बाजूला उभा राहायचा आणि टार्गेटकडे बघायचाच नाही. बघायचा तोंडाकडे. शिकणाऱ्याचं बोट भिंतीला नीट टेकलं की हळूच म्हणायचा, "हाय." म्हणजे आता आहेस तिथे बरोबर आहेस, थांब. बोट त्याला दिसतही नसे, तरी त्याचं 'हाय' कधी चुकायचं नाही. मी एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा हसला. म्हणाला, "परत्येकाचं काय ना काय हलतं. एकाची पापनी, एकाचा गाल. भिंतीला टेकलीस की तुझ्या व्हटाचा डावा कोपरा आत जातो." मी आरशासमोर रायफल धरून बघितलं. मला काही दिसलं नाही.

झटका आला तो रेंजवरच. एका मुलीच्या बाजूला उभा होता. ती सांगते, सर 'हाय' म्हणाले आणि खाली बसले, मला वाटलं बुटाची नाडी बांधतायत. पुढे दवाखान्यात पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हाही तोच शब्द आला. माझ्या मनाने घेतलं की जाता जाता जो शब्द तोंडात होता तो आत अडकून राहिला. डॉक्टर म्हणाले, असं काही नसतं.

घरी आणल्यावर फिजिओथेरपीच्या बाई येऊ लागल्या. त्या त्याला डोळे मिटायला लावायच्या, कापूस फिरवायच्या, टाचणीचं टोक टेकवायच्या आणि कळतंय का विचारायच्या. डाव्या हाताला "हाय", उजव्या हाताला "न्हाई". मनगटाला न्हाई, तळव्याला न्हाई, प्रत्येक बोटाच्या टोकाला न्हाई. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या असायच्या. प्रत्येक न्हाईला त्यांची मान खाली जायची, आणि मला त्या कापसाचाच राग यायचा. ज्या बोटाने आयुष्यभर ट्रिगरशिवाय दुसरं काही जीव लावून धरलं नाही, त्याला कापूस काय ओळखू येणार?

म्हणून एका संध्याकाळी मी रायफल वर आणली. छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायची सोय तिच्यात असतेच, ती लावली. त्याच्या मांडीवर उशी, उशीवर रायफल, ट्रिगरवर त्याची तर्जनी आणि तिच्यावर माझी. मी हळूहळू मागे घेत गेले. मोकळी जागा संपली. त्याच्या मेलेल्या बोटातून माझ्या बोटाला भिंत लागली, आणि त्याच क्षणी तो म्हणाला, "हाय."

मी ओरडलेच. सासूबाई जिना चढून धापा टाकत वर आल्या. पुन्हा केलं. पुन्हा "हाय", बरोबर भिंतीपाशी. त्यांनी त्याचं बोट दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं, आणि तशाच अनवाणी खाली जाऊन गल्लीभर सांगत सुटल्या, "माज्या पोराच्या बोटाला कळतुया." दुसऱ्या दिवशी रिह्याला, त्यांच्या माहेरी, देवळात नारळ फोडून आल्या.

त्यानंतर आमचा तो नेमच झाला. मी कामावरून यायची, कॅबमधून उतरायची ती थेट त्याच्यापाशी. रोज स्क्रू थोडा फिरवायची. भिंत जरा हलकी, आणखी हलकी, आज थोडी अलीकडे, उद्या थोडी पलीकडे. एकेक दिवस मलाच अंदाज यायला वेळ लागायचा इतकी पुसट. तो चुकला नाही. मला वाटायचं, बोट जागं होतंय, आज इतकं झालं, उद्या नखाखालचं कळेल, परवा तळहात, मग मनगट. दिवसभर ऑफिसात स्क्रीनसमोर बसून मी तेच बघायची. कुणी विचारलं, घरी कसं आहे, तर सांगायची, सुधारतंय.

फिजिओच्या बाईंना मी हे दिमाखात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, असली चाचणी डोळे मिटून करायची असते."

"त्याला बघायचं काय आहे त्यात?" मी म्हणाले. "बोट ट्रिगरगार्डच्या आत, त्याच्यावर माझा हात. दिसतं काय त्याला?"

माझा आवाज वर गेला असणार, कारण सासूबाईंनी बाईंना चहा आणून दिला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. पुढच्या खेपेपासून त्या आल्या की नेमाने कापूस फिरवायच्या, न्हाई ऐकायच्या आणि जायच्या. ट्रिगरचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही काढला नाही.

मग तो फोड आला. सकाळी सासूबाईंनी त्याच्या उजव्या बाजूला स्टुलावर चहाचा स्टीलचा पेला ठेवला होता, उकळता. हात घसरून पेल्याला टेकला आणि तसाच टेकून राहिला. तो खिडकीतून खाली कॅबची रांग बघत होता. मी केस विंचरत आत आले तेव्हा तर्जनीच्या पेरावर कातडी पांढरी होऊन वर आली होती. तेच बोट, ट्रिगरवरचं. मी हात ओढला तेव्हा त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

मी स्वतःला समजावलं. उष्णतेच्या नसा वेगळ्या, दाबाच्या वेगळ्या. नेटवर वाचलं, आणि मला हवं तेवढंच वाचलं. फोड बसेपर्यंत ट्रिगरला सुट्टी दिली. पण ते काही मनातून जाईना. मीटिंगमध्ये कुणी बोलत असायचं आणि मला तो पांढरा फोड दिसायचा. माझा धंदाच चुका शोधायचा. एखादी गोष्ट चालतेय असं दिसलं की आम्ही खूश होत नाही. ज्याच्यामुळे चालतेय असं वाटतं ते काढून घेतो आणि बघतो. दिवा लागतोय ना, मग वायर काढ. वायर काढूनही दिवा लागला, तर तुझं काहीतरी चुकलंय. लोकांच्या कोडवर मी हे रोज करते. घरच्या बोटावर केलं नव्हतं. का केलं नव्हतं हेही मला चांगलं ठाऊक होतं. वेड पांघरून पेडगावला जाणं दुसरं काय असतं?

रविवार होता. दुपारी गाड्या नसतात, त्यामुळे गल्ली शांत होती. सासूबाई खाली तांदूळ निवडत होत्या. मी त्याच्याकडे पाठ करून बसले आणि दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू सोडत गेले. पाव फेरा, पाव फेरा. भिंत पुसट झाली, मग मुळीच राहिली नाही. स्वतःच्या बोटाने चार-पाच वेळा बघितलं. ट्रिगर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ घसरत मागे यायचा आणि टक् करून सुटायचा. मध्ये अडायला काही नव्हतं.

मग उशी, रायफल, त्याचं बोट, माझं बोट. फोडाची जागा अजून गुलाबी होती. मी मनात म्हणत होते, गप्प राहा. आज एकदा गप्प राहा, नाहीतर न्हाई म्हण, सांग मला की आज भिंत नाही, मग मी आयुष्यात तुझ्याकडे दुसरं काही मागणार नाही.

ट्रिगर मागे सरकला. जिथे आधी भिंत असायची तिथवर आला.

"हाय," तो म्हणाला.

पुढच्याच क्षणाला टक् झालं. मी पुन्हा केलं. पुन्हा हाय, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा मी बोटाकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघितलं. तो हाताकडे बघत नव्हता. खाली मान घालून मन लावून काही समजून घेतोय असंही नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, रेंजवर बघायचा तसा, शांत आणि बारकाईने. माझा ओठ हलला असणार. भिंत नव्हती, पण ती येईल म्हणून मी जिथे श्वास धरला तिथे ओठाने आपलं काम केलं असणार.

त्याला डोळे मिट म्हणणं माझ्याच्याने होईना. नवऱ्याला तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखं झालं असतं. मी स्क्रू पुन्हा आवळला, जेवढा आवळता येईल तेवढा. इतकी जड भिंत मी कधी लावली नव्हती, मुठीने दाबावी अशी. मग ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि आपलंच तोंड झाकून घेतलं. आतून नुसता तिचा निळा रंग दिसत होता. चाचपडत त्याचं बोट ट्रिगरवर ठेवलं आणि मागे घेतलं.

भिंत लागली. मी टेकून राहिले. खालून तांदळात फिरणाऱ्या बोटांचा आवाज येत होता. मी जोर वाढवला. त्याच्या बोटाचं हाड माझ्या बोटाला रुतत होतं, बोट जिवंत असतं तर माणूस ओय म्हणाला असता इतकं. आणखी दाबलं. टक् झालं.

तो काही बोलला नाही.

मी तशीच बसून राहिले. मग ओढणीच्या पलीकडून आवाज आला, अगदी हळू. "न्हाई."

मी ओढणी ओढून काढली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. का केलंस असं, हे विचारलं. रोज, इतके दिवस, मी वेडी ठरले ना, गल्लीभर, ऑफिसभर. नारळ फोडून आल्या आई. मी रडत होते आणि त्याचा तो हात माझ्या मांडीवर होता, उपडा, काहीही न ऐकणारा. मला त्याचा इतका राग आला होता आणि त्याहून जास्त आता उद्याचा दिवस कसा उगवायचा याची भीती वाटत होती. सगळं संपलं, असं मी त्याच्या तोंडावर म्हणाले.

त्याने डावा हात उचलला. तो हात चांगला आहे. त्याची तर्जनी त्याने माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवली आणि म्हणाला, "हाय."

मला ते तेव्हा नको होतं. मी त्याचा हात बाजूला केला.

माझा आवाज खालपर्यंत ऐकू गेला असणार, कारण जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई सूप हातात तसंच घेऊन दारात आल्या. "का गं पोरी? काय झालं? आज कळलं न्हाई का बोटाला?"

खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. "नाही आई," मी म्हणाले. "त्याला कळत नाही. कधीच कळत नव्हतं."

त्या तिथेच उभ्या राहिल्या. सुपातले तांदूळ एका बाजूला घसरले ते त्यांना कळलं नाही. मग त्यांचा चेहरा कठीण झाला. "न्हाई कसं? रोज कळतुया आन् आजच न्हाई व्हय? माज्या डोळ्यानं बघितलंय मी. तूच नीट धरलं नसशील. रडून रडून तुजाच हात कापतुया." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पलंगाच्या कडेला, त्याच्या पायाशी येऊन बसल्या. "कर परत. माज्या म्होरं कर."

"आई, ऐका तरी."

"कर म्हनते ना." हे त्या ओरडून म्हणाल्या नाहीत. पदराने हात पुसले आणि त्या बोटाकडे बघत बसल्या, तव्यावरची भाकरी फुगायची वाट बघावी तसं.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे आधी आईकडे गेले, मग माझ्याकडे आले आणि माझ्या तोंडावर थांबले. तो वाट बघत होता. न्हाई म्हणायची तयारी त्याच्या चेहऱ्यावर होती असं मला वाटतं. ते त्याने माझ्यावर सोपवलं होतं.

मी रायफल उशीवर घेतली. त्याचं बोट ट्रिगरवर ठेवलं, गुलाबी पेर वर येईल असं, आणि त्यावर माझं. मोकळी जागा सरत गेली. सासूबाई पुढे वाकल्या. भिंत लागली, ती दगडासारखी जड, मघाशी मीच उभी केलेली. मी टेकून राहिले, आणि ओठाचा डावा कोपरा मुद्दाम आत घेतला.

"हाय," तो म्हणाला.

"बघ!" सासूबाई म्हणाल्या. "म्हनलं न्हवतं?" त्यांनी त्याच्या पायांवरून हात फिरवला, माझ्या पाठीवर एक धपाटा घातला आणि खाली निघाल्या. जिन्यातूनच शेजारणीला हाक मारून सांगू लागल्या.

मी बोट सोडलं नाही. आणखी दाबलं असतं तर टक् झालं असतं, सोडलं असतं तर उठावं लागलं असतं. त्याच्या बोटावर माझं बोट ठेवून, भिंतीला टेकून, आम्ही तसेच बसून राहिलो.